भाच्यानं मागितलेली यादी

परवा भाच्याचा निरोप आला. "मामा, चांगले जपानी सिनेमे सांग ना. दहा नावं पाठव फक्त, बाकी मी बघतो."

दहा नावं पाठवायला दोन मिनिटं लागतात. पण मला एक जुनी खोड आहे. सिनेमा आवडला की तो आपल्यापर्यंत पोचला कसा, हे शोधत बसायची. जपानी सिनेमाच्या बाबतीत तर हे पोचणं इतकं योगायोगाचं आहे, की नुसती नावं पाठवली तर अर्धी मजा माझ्याकडेच राहायची. म्हणून दहाऐवजी सहाच नावं देतोय आणि त्यांच्यामागची गोष्टही सांगतोय. तुम्हीही वाचा, मंडळी. त्यानं पाहिले नाहीत तर निदान तुम्ही तरी पाहाल.

सुरुवात १९४५ पासून करायला हवी. जपान हरलं होतं, शहरं जळून गेली होती आणि राज्य अमेरिकन लष्कराचं होतं. सिनेमावर सेन्सॉरही त्यांचाच. सरंजामी निष्ठा, सूड, तलवारबाजी असलं काही दाखवायचं नाही, असा दंडक. कुरोसावानं १९४५ मध्ये पूर्ण केलेला एक ऐतिहासिक सिनेमा लोकांपुढे यायला १९५२ साल उजाडलं, म्हणजे अमेरिकन अंमल संपेपर्यंत तो डब्यात पडून होता. अशा देशात, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, जगातले काही सर्वोत्तम सिनेमे तयार झाले. मला अजूनही याचं नवल वाटतं.

पहिलं नाव अर्थातच 'राशोमोन' (१९५०). जंगलात एका सामुराईचा मृत्यू होतो. दरोडेखोर, बायको, मांत्रिकीणीच्या तोंडून बोलणारा खुद्द मेलेला माणूस आणि एक लाकूडतोड्या, असे चौघं चार हकिकती सांगतात. एकीचा दुसरीशी मेळ नाही. आकुतागावाच्या दोन कथांवर बेतलेला हा सिनेमा. कुरोसावाच्या तिघा सहायकांनीच त्याला येऊन सांगितलं होतं, की पटकथा काही कळली नाही! 'दायेई' कंपनीचे मालक नागाता यांनाही सिनेमा मुळीच रुचला नाही. कॅमेरामन मियागावानं मात्र कमाल केली होती. त्यानं कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला आणि जंगलातल्या सावलीत आरसे लावून ऊन खेळवलं. तो प्रसिद्ध पाऊस पडद्यावर ठसठशीत दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई कालवली होती.

आता हा सिनेमा व्हेनिसला गेला कसा? जपानमध्ये इटालियन शिकवणाऱ्या जुलियाना स्ट्रामिजोली नावाच्या बाईंमुळे. महोत्सवासाठी एक जपानी सिनेमा हवा होता, तेव्हा बाईंनी 'राशोमोन' सुचवला. कंपनी तयार नव्हती, सरकारी मंडळींनाही हे पसंत नव्हतं. त्यांच्या मते हा काही जपानी सिनेमाचा खरा नमुना नव्हे. बाई मात्र अडून बसल्या. आणि १९५१ मध्ये 'राशोमोन'ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला.

कुरोसावाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. सिनेमा पाठवला आहे हेसुद्धा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दिवस वाईट चालले होते. त्याच्या 'इडियट'ला दुसऱ्या स्टुडिओनं कात्री लावली होती, तो सिनेमा आपटला होता आणि हातातलं पुढचं कामही गेलं होतं. एके दिवशी तो नदीवर गळ टाकायला गेला. गळाची दोरी अडकून तुटली. मन खट्टू करून घरी आला, तर दारातच बायकोनं अभिनंदन केलं! हे सगळं त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय. आणि हेही लिहिलंय, की ज्या नागातांना सिनेमा रुचला नव्हता, तेच नंतर त्याचं श्रेय घेत होते. असो. मालक लोक सगळीकडे सारखेच.

जाता जाता, व्हेनिसचं आणि आपलं नातं त्याहून जुनं आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये तिथं दाखवला गेला होता आणि त्याचा गौरवही झाला होता. म्हणजे आपले तुकोबा 'राशोमोन'च्या चौदा वर्षं आधी तिथं पोचले होते. जपान्यांना दारातून आत घेणारी एक बाई भेटली आणि मग त्यांच्यामागून रांगच लागली. तशी रांग आपली तेव्हा लागली नाही.

रांग कसली म्हणता? मिझोगुचीच्या 'उगेत्सु'ला १९५३ मध्ये व्हेनिसचा रौप्यसिंह मिळाला. त्या वर्षी सुवर्णसिंह कुणालाच दिला नव्हता. १९५४ मध्ये रौप्यसिंह चौघांत वाटला, त्यातले दोन जपानी. एक मिझोगुचीचा 'सान्शो दायू', दुसरा 'सेव्हन सामुराई'. (उरलेले दोघं म्हणजे फेलिनीचा 'ला स्त्रादा' आणि कझानचा 'ऑन द वॉटरफ्रंट'. काय वर्ष असेल ते!)

तेव्हा दुसरं नाव 'उगेत्सु'. युद्धाच्या धामधुमीत चार पैसे जास्त मिळतील म्हणून बायकोपोराला मागे ठेवून बाजाराला गेलेला एक कुंभार. त्याची हाव आणि त्याला भेटलेली एक सुंदर, श्रीमंत बाई. ती कोण ते सांगत नाही. शेवटी तो घरी परततो, तेव्हा कॅमेरा त्या अंधाऱ्या घरातून एक फेरी मारतो. तेवढ्या एका फेरीसाठी हा सिनेमा पाहावा.

तिसरं नाव 'सेव्हन सामुराई' (१९५४). गावाला दरोडेखोरांचा जाच होतो, शेतकरी पोटभर भाताच्या बोलीवर लढवय्ये आणतात. ओळखीचं वाटतंय? वाटणारच. याच्यावरून हॉलीवूडनं १९६० मध्ये 'मॅग्निफिसंट सेव्हन' काढला आणि ती कल्पना फिरत फिरत आपल्या रामगढला पोचली. लांबी जवळजवळ साडेतीन तास. शूटिंग मध्येच थांबलं, खर्च वाढत गेला, कंपनी हवालदिल झाली. परदेशी तर तो बराच काळ कापूनच दाखवत. तू पूर्ण बघ, आणि मध्यंतरात चहा कर.

चौथं नाव 'इकिरू' (१९५२). म्हणजे 'जगणं'. वातानाबे नावाचा नगरपालिकेतला एक साहेब, तीस वर्षं कागदांवर शिक्के मारत बसलेला. त्याला पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळतं. मग तो काय करतो? मोहल्ल्यातल्या बायका एका सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग मागत असतात, ती फाइल पुढे ढकलायला लागतो. बस्, एवढीच गोष्ट. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत 'उद्या या' ऐकलंय, त्यांना सबटायटल्सची गरज लागणार नाही. यातला साहेब, 'सेव्हन सामुराई'तला म्होरक्या आणि 'राशोमोन'मधला लाकूडतोड्या हा एकच नट आहे, ताकाशी शिमुरा. मला हे तिसऱ्यांदा पाहताना कळलं! २०२२ मध्ये या 'इकिरू'चा 'लिव्हिंग' नावाचा इंग्रजी अवतार आला, पटकथा काझुओ इशिगुरोची. तोही चांगला आहे, पण आधी मूळ पाहा.

इथवरचे सगळे मोठ्या स्टुडिओंचे सिनेमे. १९५८ मध्ये जपानमध्ये सिनेमाची ११२ कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. लोकसंख्या तेव्हा साधारण सव्वानऊ कोटी. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकानं वर्षाला बारा सिनेमे पाहिल्यासारखं झालं. मग घराघरांत टीव्ही आला आणि हे सगळं झपाट्यानं ओसरलं. ती 'दायेई' कंपनी १९७१ मध्ये बुडाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कुरोसावानं आत्महत्येचा प्रयत्न केला. आदल्या वर्षी आलेला त्याचा सिनेमा पडला होता आणि कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. तो वाचला, आणि पुढचा सिनेमा, 'देर्सू उझाला' (१९७५), त्यानं रशियात रशियनांच्या पैशावर केला.

पण स्टुडिओशिवायही सिनेमा होतो, हे काही जण आधीपासून करून दाखवत होते. त्यातला एक कानेतो शिंदो, मूळचा हिरोशिमाकडचा. त्यानं मित्रांबरोबर १९५० मध्ये स्वतःची छोटी कंपनी काढली. दहा वर्षांत ती मोडकळीला आली. आता बंद करायचीच आहे तर शेवटचा एक सिनेमा मनासारखा करू, म्हणून मूठभर माणसं घेऊन तो एका बेटावर गेला. तिथं झाला 'नेकेड आयलंड' (१९६०), माझ्या यादीतला पाचवा.

एक बेट, एक कुटुंब, आणि बेटावर गोडं पाणी नाही. नवरा-बायको होडी वल्हवत पलीकडे जातात, बादल्या भरतात, कावड खांद्यावर घेऊन टेकडी चढतात आणि एकेका रोपाच्या मुळाशी ओगराळंभर पाणी घालतात. पुन्हा होडी. पुन्हा टेकडी. संवाद जवळजवळ नाहीतच. एकदा बायकोच्या हातून बादली सांडते आणि नवरा तिला थोबाडीत मारतो. त्या पाण्याची किंमत काय आहे, हे मला शब्दाविना कळलं. माझी आजी दुष्काळात दोन मैलांवरून पाणी आणायची. सिनेमा पाहताना सारखी तिची मान डोळ्यांपुढे येत होती. या सिनेमाला १९६१ मध्ये मॉस्कोत सर्वोच्च बक्षीस विभागून मिळालं, तो कितीतरी देशांत विकला गेला आणि बुडणारी कंपनी तरली. शिंदो शंभर वर्षं जगला. शेवटचा सिनेमा त्यानं २०१० मध्ये केला.

राहिलं सहावं नाव. 'टोकियो स्टोरी' (१९५३), दिग्दर्शक यासुजिरो ओझू. गंमत बघा, व्हेनिसच्या वेळी सरकारी मंडळींना ज्याचा सिनेमा 'खरा जपानी' वाटत होता, तो हाच ओझू. आणि नंतर त्याचे सिनेमे बाहेर पाठवायला मात्र कुणी फारसं धजेना. इतकं जपानी परदेशात कुणाला कळणार, असं म्हणून! लंडनमध्ये १९५८ मध्ये या सिनेमाला बक्षीस मिळालं, तरी न्यूयॉर्कच्या थिएटरात तो लागला १९७२ मध्ये. ओझू १९६३ मध्येच गेला होता, त्याच्या साठाव्या वाढदिवशी. २०१२ मध्ये एका ब्रिटिश मासिकानं जगभरच्या दिग्दर्शकांची मतं घेतली, तेव्हा सर्वकाळच्या सिनेमांत हा पहिला आला.

गोष्ट इतकीच. ओनोमिची गावाहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं केशभूषेचं दुकान. दोघंही कामात. आईबापांचं करायचं काय? मग दोघं वर्गणी काढून त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात. तिथं रात्रभर दंगा, म्हाताऱ्यांना झोप नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको, तीच तेवढी सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते. कुणी वाईट नाही, कुणी ओरडत नाही. कॅमेरा चटईवर बसल्यासारखा खाली, आणि आपण पाहत राहतो.

एकदा आई-बाबा आठ दिवस माझ्याकडे आले होते. तेव्हा माझं ऑफिसचं काम अगदी गळ्याशी आलेलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना अष्टविनायकाच्या दोन दिवसांच्या बसमध्ये बसवून दिलं. मला वाटलं, केवढं छान केलं! आईनं गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं, की मुलानं यात्रा घडवली. बाबा म्हणाले, "छान झाली यात्रा." एवढंच म्हणाले. पुढे काही वर्षांनी 'टोकियो स्टोरी' पाहिला. समुद्राकाठच्या भिंतीवर म्हातारा-म्हातारी बसलीयत आणि घरी जाऊ या म्हणतायत, तिथं मी सिनेमा थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बाबा तोवर गेले होते. बस कशी होती, सीट कुठली मिळाली, रात्री झोप लागली का, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

हा सिनेमा ओझूनंही शून्यातून काढला नाही बरं. लिओ मॅकॅरीचा 'मेक वे फॉर टुमॉरो' हा १९३७ चा अमेरिकन सिनेमा त्याच्या सहलेखकानं, कोगो नोदानं, पाहिला होता. तिथून ही गोष्ट जपानला गेली, आणि जपानहून कधीतरी माझ्या घरी आली. मधे किती हात लागले असतील! त्यातला एक हात आज माझा, म्हणून हा प्रपंच.

तर भाच्या, ही तुझी यादी. 'सेव्हन सामुराई'पासून सुरुवात कर, म्हणजे कंटाळणार नाहीस. मग 'इकिरू', 'राशोमोन', 'उगेत्सु', 'नेकेड आयलंड'. आवडले तर आजचा कोरे-एदा आहेच, त्याचा 'स्टिल वॉकिंग' (२००८) ओझूच्या अंगणातलाच आहे.

'टोकियो स्टोरी' मात्र क्रमात धरू नकोस. पुढच्या महिन्यात ताई तुझ्याकडे येणार आहे असं ऐकलं. ती येण्याआधीच्या रविवारी तो बघ. आणि ती आली की दोन दिवस रजा टाक.

तूर्तास इतकंच.