पाच रकान्यांचे वेळापत्रक

'सोमवार ते शनिवार, १० वाजून ५० मिनिटांनी प्रार्थना.' शाळेच्या वेळापत्रकातील या एका ओळीत वर्षभरातल्या कितीतरी घटना मावतात. तारखांची लांबलचक यादी न करता आपण फक्त नियम लिहितो आणि वाचणाऱ्याला तो कळतो. संगणकाला असा नियम कसा सांगायचा? या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा गमतीदार आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली 'युनिक्स' या संगणक-प्रणालीचा जन्म झाला. १९७९ साली तिची सातवी आवृत्ती आली. तीत 'क्रॉन' नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम होता. 'क्रोनोस' म्हणजे ग्रीक भाषेत काळ. हा क्रॉन दर मिनिटाला जागा होई, एका फाइलीतील ओळी तपासे, एखाद्या कामाची वेळ झाली असेल तर ते सुरू करी आणि पुन्हा झोपी जाई.

फाइलीतील प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने आणि मग करायचे काम. रकान्यांचा क्रम असा : मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना, वार. 'कोणतेही चालेल' यासाठी तारा. आपली प्रार्थना या लिपीत अशी लिहिता येईल :

५० १० * * १-६

दर मिनिटाला सगळे तपासणे एका फाइलीपुरते ठीक होते. पण संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे वेळापत्रक हवे झाले, तर? पर्ड्यू विद्यापीठातील रॉबर्ट ब्राउन यांना याचे उत्तर वेगळ्याच क्षेत्रात सापडले. रांगा, वाहतूक अशा गोष्टींची संगणकावर नक्कल करताना रिकामा वेळ मोजत बसत नाहीत. थेट पुढच्या घटनेवर उडी मारतात. अशा घटनांची यादी कार्यक्षमपणे कशी ठेवावी, यावर फ्रांटा आणि माली यांचा लेख १९७७ साली प्रसिद्ध झाला होता. तीच कल्पना क्रॉनला लावली गेली. आता पुढचे काम केव्हा आहे ते काढायचे आणि तोपर्यंत स्वस्थ झोपायचे. पुढे १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला क्रॉन जगभर पसरला. पाच रकाने मात्र तेच राहिले आणि आजही वापरात आहेत.

इतकी वर्षे टिकलेल्या या लिपीत काही खाचखळगेही आहेत. 'दर सात मिनिटांनी' असे सांगायला मिनिटाच्या रकान्यात '*/७' लिहितात. काम ०, ७, १४ असे करत ५६व्या मिनिटाला होते. त्यानंतरचे ६३व्या मिनिटाला होईल, असे आपल्याला वाटेल. पण तास बदलताच मोजणी शून्यापासून सुरू होते आणि मधले अंतर चारच मिनिटांचे उरते! कारण रकाना अंतर मोजत नाही, तो फक्त घड्याळातील आकडा जुळतो का ते पाहतो. अंतर समान राहते ते ६०च्या विभाजकांसाठीच.

दुसरा खळगा अधिक फसवा. महिन्याचा दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांत येतो. म्हणून तारखेच्या रकान्यात '८-१४' आणि वाराच्या रकान्यात '६' लिहिले, तर काम होईल असे वाटते. प्रत्यक्षात ते ८ ते १४ या सातही दिवशी होते आणि शिवाय उरलेल्या प्रत्येक शनिवारी! म्हणजे महिन्यातून एकदा करायचे काम दहा-अकरा वेळा होते. एरवी सगळे रकाने 'आणि'ने जोडलेले असतात. तारीख व वार दोन्ही दिले, की त्या दोघांमध्ये 'किंवा' येतो. '१ व १५ तारखेला आणि दर सोमवारी' हे एका ओळीत सांगता यावे, ही त्यातली सोय. पण पगारबिलासारखे काम असेल, तर ही सोय चांगलीच महागात पडेल. उपाय सोपा आहे : रकान्यात फक्त तारखा द्यायच्या आणि शनिवार आहे का, हे कामाच्या सुरुवातीलाच तपासायचे.

तिसरी गोष्ट आपल्या देशाशी निगडित आहे. अनेक संगणक जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. त्यामुळे आपल्या सोमवारच्या मध्यरात्रीचे, म्हणजे सोमवार सुरू होतानाचे काम तिथे '३० १८ * * ०' असे लिहावे लागते. शून्य म्हणजे रविवार. घड्याळाबरोबर वारही मागे न्यायला विसरले, तर काम एक दिवस उशिरा होते.

वर्गात हे सारे संगणकाशिवाय करून पाहता येईल. मुलांना पाच रकाने फळ्यावर आखून द्यावेत आणि आपल्या गावचा आठवडी बाजार त्यांत बसवायला सांगावे. तो सहज बसेल. मग गुढीपाडवा बसवायला सांगावे. तो बसणार नाही. का बसत नाही, याची चर्चा सुरू झाली, की सौर आणि चांद्र कालगणनेच्या धड्याला वेगळी प्रस्तावना लागणार नाही.