बंद पडलेला डबा आणि गटाची वही



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक विक्रेता टॅब घेऊन आला होता. बचत, कर्ज, व्याज सगळं यात भरा, आता वही कशाला, असं त्याचं म्हणणं. टॅब दिसायला छान होता आणि अध्यक्षताईंनी ठराव लिहायला पेनही उघडला. तेवढ्यात मागं बसलेल्या एका मावशीनं विचारलं, "बापू, उद्या तुमची कंपनी बंद पडली तं आमचा हिशोब कुठं पाहाचा?" त्याला उत्तर देता आलं नाही. आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारण असं खरंच घडून गेलेलं आहे.

नोआ समारा नावाच्या मूळच्या इथिओपियाच्या माणसानं १९९० मध्ये अमेरिकेत वर्ल्डस्पेस ही कंपनी काढली. आफ्रिका आणि आशियातल्या लोकांपर्यंत थेट उपग्रहावरून रेडिओ पोचवायचा, हे त्याचं स्वप्न होतं. त्यासाठी १९९८ मध्ये एक आणि २००० मध्ये दुसरा उपग्रह आकाशात गेला. दुसऱ्याचं नाव एशियास्टार; आपला देश त्याच्या टप्प्यात येत होता. भारतात या रेडिओची जाहिरात ए. आर. रहमान यांनी केली. आवाज स्वच्छ, गाण्यांच्या मधे जाहिराती नाहीत, वाहिन्या भरपूर.

मग अडलं कुठं? त्याला वेगळा रेडिओ संच विकत घ्यावा लागे. संचाची चपटी अँटेना खिडकीतून किंवा गच्चीवरून उपग्रहाच्या दिशेनं धरावी लागे. मधे भिंत किंवा झाड आलं की आवाज गेला. पुढं वर्गणीही भरावी लागू लागली. साधा रेडिओ चुलीजवळ ठेवला तरी वाजतो आणि फुकट वाजतो. ग्राहक पुरेसे मिळाले नाहीत, कर्ज वाढत गेलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. लोकांच्या घरातले संच बिघडले नव्हते, पण त्यांना वाहिनी देणारं दुसरं कोणी नव्हतं. चांगला संच रातोरात नुसता डबा झाला.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. कोल्हापूरजवळच्या वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये सरकारनं संगणकाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. गावोगावी संगणक केंद्रं निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सगळं गावात मिळेल असं सांगितलं गेलं.

प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः उसाच्या कामापुरताच तिथं जात: आपला ऊस किती भरला, खत किती उचललं. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेच्या लोकांनी हे पाहिलं आणि सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून संदेश पाठवायचा आणि उत्तर मोबाइलवरच यायचं. २००७ मध्ये त्यांनी मांडलं की तेच काम मोबाइलवर कमी खर्चात होतं. संगणक वाईट नव्हता. पण तो केंद्रात होता, तर मोबाइल शेतकऱ्याच्या खिशात होता.

आता तुम्ही ज्या प्रकारच्या रेडिओवर मला ऐकता, त्याची गोष्ट पाहा. २००६ मध्ये केंद्र सरकारनं स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. त्याची ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे आजूबाजूच्या काही गावांपुरती. उपग्रहाचा आवाका अनेक देशांचा होता, तरी तो गेला. छोटा रेडिओ टिकला, कारण तो कोणत्याही कंपनीच्या साध्या एफएम संचावर लागतो. संच बिघडला तर बाजारात दुरुस्त होतो, नाही झाला तर दुसरा घेता येतो. एका कंपनीवर सगळं अडून राहत नाही.

म्हणून बायांनो, गटाच्या पैशातून कोणतंही यंत्र घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. कंपनी बंद पडली तर हे चालेल का? बिघडलं तर आपल्या तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल का? आणि आपली माहिती आपल्याला कागदावर काढून घेता येईल का?

नव्या वस्तूला घाबरायचं नाही. मोबाइलला घाबरलो असतो तर आज खात्यावरचे पैसे घरबसल्या पाहिले नसते. पण गटाचा हिशोब म्हणजे कुणाच्या बाळंतपणाचे, कुणाच्या बियाण्याचे, कुणाच्या पोरीच्या फीचे पैसे. तो दुसऱ्याच्या डब्यात ठेवून किल्ली त्यालाच देऊ नये.

आमच्या त्या गटानं टॅब घेतला नाही असं नाही. विक्रेत्यानं दर महिन्याला हिशोब छापून द्यायचं लिहून दिलं, तेव्हा घेतला. ठरावात मावशीनं एक ओळ वाढवायला लावली: वही चालूच राहील. ती ओळ तुमच्याही ठरावात असू द्या.