बोरघाटातली दोरी

साल 1968. पाऊस नुकताच उघडलाय. बोरघाटात, ठाकूरवाडीच्या वरच्या अंगाला, तुम्ही रुळाशी उकिडवे बसला आहात. हातात दोरीचं एक टोक. दुसरं 20 मीटरवर एका गँगमनच्या हातात. वळणाच्या बाहेरच्या रुळाला, आतल्या अंगानं, माथ्याच्या जरा खाली दोरी टेकवायची आणि ताणायची.

"दादा, ढील देऊ नका," मुकादम ओरडतो. दोरी बोटात रुतते.

मधल्या खडूच्या खुणेवर तो पट्टी लावतो. दोरी आणि रुळातलं अंतर 158 मिलिमीटर. तुम्ही दोघं 10 मीटर पुढे सरकता. 181. आणखी 10 मीटर. 160.

या घाटातला लोहमार्ग 1863 साली खुला झाला, तेव्हा त्यातलं सर्वांत आवळ वळण 15 साखळी त्रिज्येचं होतं, म्हणजे सुमारे 302 मीटर. पायाखालचं वळण तेवढंच धरा. 20 मीटरच्या दोरीला 50,000 भागिले मीटरमधली त्रिज्या केली, की मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. 50,000 भागिले 302. प्रत्येक खुणेवर 166 यायला हवं.

शिट्टी वाजते. सगळे बाजूला. कर्जतकडून गाडी चढतेय, मागून ‘खेकडा’ म्हणतात ती इंजिनं रेटताहेत. 181च्या जागी प्रत्येक डबा हिसका खातो. डोळ्यांना न दिसलेला फुगवटा चाकांना बरोबर सापडतो, आणि तिथंच रूळ झिजतो.

गाडी गेल्यावर तुम्ही हिशेब मांडता: मधला आत ओढायचा, शेजारचे दोन्ही बाहेर ढकलायचे. मुकादम मान हलवतो. "ते दोन जागेवरच आहेत. मधला फुगला म्हणून ते चपटे दिसतात."

किती खरं! एक खूण 15 मिलिमीटर आत घेतली, की तिचा आकडा 15 नं उतरतो आणि दोन्ही शेजाऱ्यांचा साडेसात-साडेसातनं चढतो. तीन ठिकाणी दिसणारं दुखणं एकाच ठिकाणी असतं. या साध्या गणितावर माझा फार जीव आहे. दोरी, पट्टी आणि बेरीज-वजाबाकी एवढ्यावर तेव्हा अख्ख्या घाटातली वळणं सांभाळली जायची.

आतल्या बाजूची स्लीपरच्या टोकांपाशी असलेली खडी उकरली जाते. सब्बला रोवल्या जातात, तुमचीही. हाळी येते, सगळ्यांचा जोर एकदम पडतो, रूळ करकरतो. पुन्हा दोरी. 166. 166. 167. बेरीज 499, मघाचीच. वळणाला एकूण जेवढं वळायचं तेवढं ते वळतंच आहे, आता फक्त सारखं वळतंय. मुकादम आकडे वहीत उतरवतो आणि खडी भरायला माणसं लावतो.