खुब्याची उखळ

शाळेच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ असा एक धडा होता. वाटीत बसलेला गोळा, सगळीकडे वळणारा. खांदा आणि खुबा ही दोन उदाहरणं पाठ केली, मार्क मिळवले आणि विसरून गेलो. २०१२ साली तो धडा घाटकोपरच्या आमच्या घरात परत आला.

अम्माच्या उजव्या खुब्याचं रोपण होऊन दोन महिने झाले होते. बुटक्या स्टुलावर बसून ती खाली पडलेली तसबीह उचलायला वाकली आणि खट् असा आवाज झाला. पाय आत वळला, आखूड दिसू लागला. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून शेजारच्या पोरांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं. भूल देऊन सांधा परत बसवला गेला. पाच महिन्यांनी तो पुन्हा निखळला. खरं तर घरी सोडताना रुग्णालयानं एक छापील कागद दिला होता. बुटक्या आसनावर बसू नये, मांडी घालू नये, उकिडवं बसू नये, असं सगळं त्यात होतं. कागद इंग्रजीत होता. अम्मा उर्दू वाचते. आणि मी बी.ए. झालेला माणूस, तो कागद फाइलीत घालून मोकळा झालो होतो.

त्या अपराधी भावनेपोटी मी या सांध्याची कहाणी शोधत गेलो. मी डॉक्टर नाही, तेव्हा ऐकताना तेवढी सूट द्या.

कहाणीचा नायक इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातला सर्जन, जॉन चार्नली. त्याच्याकडे एक रोगी आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि हालचाल केली की तो असा करकरायचा, की बायको त्याच्याजवळ बसायचं टाळू लागली. चार्नलीनं ताडलं की खरा शत्रू घर्षण आहे. त्यानं टेफ्लॉनची वाटी केली. पहिल्यांदा रोगी खूश झाले, पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या, भुकटीनं भोवतालचं मांस सुजलं. शेकडो माणसांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. या माणसानं टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन ते शरीराला किती बाधतात ते पाहिलं. १९६२ मध्ये एका विक्रेत्यानं पॉलिथिलीनचा एक कठीण प्रकार आणून दिला. चार्नलीनं तो हातात घेऊन नाकारला होता, पण त्याचा कारागीर हॅरी क्रेव्हन यानं हट्टानं तो यंत्रावर घासून पाहिला. तो जवळजवळ झिजेना. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून चार्नली तो वापरू लागला. क्रेव्हनचं नाव मात्र फारसं कुणाच्या ओठावर नसतं.

आता मुद्दा निखळण्याचा. घर्षण आणि झीज कमी राहावी म्हणून चार्नलीनं गोळा मुद्दाम लहान ठेवला, सुमारे २२ मिलिमीटरचा. २०११ साली निघालेल्या रुपयाच्या नाण्याएवढा. आपला निसर्गदत्त गोळा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. लहान गोळ्याला वाटीचा काठ ओलांडायला थोडंच सरकावं लागतं, मोठ्याला जास्त. शिवाय गोळ्याखालची मान वाटीच्या काठाला टेकली, की तरफेनं उचकटल्यासारखा गोळा बाहेर येतो. उखळीत मुसळ तिरकं टेकवून पाहा, कळेल. चार्नलीच्या पद्धतीत पुढे वाटीचा मागचा काठ उंच केला गेला. स्वित्झर्लंडच्या म्युलरनं ३२ मिलिमीटरचा गोळा घेतला. पण गोळा मोठा केला की प्लास्टिक जास्त झिजतं. एक दुखणं मिटवावं तर दुसरं उभं राहतं.

यावर फ्रान्समधल्या सेंट-एतिएन गावच्या जील बुस्केनं सत्तरच्या दशकाच्या मध्यात भन्नाट तोड काढली. लहान धातूचा गोळा एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात अडकवायचा आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत मोकळा फिरू द्यायचा. सांध्यात सांधा. आतला घर्षण सांभाळतो, बाहेरचा मोठेपणा. सुरुवातीच्या काही सांध्यांत आतला गोळाच प्लास्टिकमधून सुटायचा, पुढे ती त्रुटी बरीच कमी झाली. अमेरिकेनं मात्र ही रचना मान्य करायला २००९ साल उजाडू दिलं.

दरम्यान, किरणोत्सर्गानं घट्ट केलेलं प्लास्टिक नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलं आणि मोठे गोळे पुन्हा शक्य झाले. त्याच सुमारास धातूवर धातू हाही मार्ग पुन्हा खुला झाला. मोठा गोळा, प्लास्टिकची झीज नाही, निखळण्याची भीती कमी, असा हिशेब. डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ सांधा याच वाटेनं आला. डेप्यू म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनचीच. मुलुंडच्या एलबीएस मार्गावरच्या त्यांच्या कारखान्यामुळे आम्हा उपनगरवाल्यांना ते नाव लहान मुलांच्या पावडरीपासून परिचयाचं. हा सांधा मात्र आयात व्हायचा. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम झिजून रक्तात आणि आसपासच्या मांसात उतरू लागलं. ऑस्ट्रेलियात सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही होती, तिच्यातून हे लवकर ध्यानात आलं आणि तिथून तो २००९ मध्ये हटला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून मागे घेतला. तोवर सुमारे ९३ हजार बसवले गेले होते, त्यांतले सुमारे ४,७०० भारतात. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं पोलिसांत तक्रार केली. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमायला २०१७ उजाडलं. तिच्या अहवालानंतर भरपाईचं सूत्र ठरलं, पण आधी रोगी सापडायला हवेत ना? बहुतेकांचा पत्ताच लागला नव्हता. सांधा कुणाच्या अंगात आहे, हे सांगणारी वही आपल्याकडे नव्हती.

हे वाचलं आणि अम्माची फाइल मी पुन्हा काढली. तिचा पहिला सांधा एएसआर नव्हता, साधा लहान गोळ्याचा होता. २०१३ मध्ये दुसऱ्या एका सर्जननं बुस्केच्या रचनेचा सांधा बसवला. त्यांनी आधी नमुना हातात दिला होता, तेव्हा अम्मानं आतला गोळा अंगठ्यानं फिरवून पाहिला आणि विचारलं, “आता सजदा करू?” डॉक्टर म्हणाले, “खाला, खुर्चीवर. अल्लाह तिथूनही ऐकतो.” तिला ते पटायला महिना लागला.

ऑपरेशनच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरची स्टिकरं काढून फाइलीत चिकटवतात. त्यांवर बनावट आणि क्रमांक असतो. मी त्यांच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक रेशन कार्डासोबत, एक माझ्या टेबलात. तसबीह तिच्या खुर्चीच्या हातालगत खिळ्याला टांगली.