युद्धपदके : वऱ्हाडच्या सैनिकी इतिहासाचे एक साधन

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सामान्य सैनिकाचा इतिहास लिहिताना ब्रिटिशकालीन युद्धपदके हे महत्त्वाचे साधन ठरते. भारतीय सैनिकांच्या पदकावर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धातील ‘ब्रिटिश वॉर मेडल’ सैनिकास चांदीचे, तर श्रमिक पथकांतील अनेकांस काशाचे मिळाले. म्हणजे धातूतूनही दर्जा व्यक्त होतो. दुसऱ्या महायुद्धातील ‘बर्मा स्टार’ आघाडी सुचवितो. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ मात्र किमान तीन वर्षांच्या बिगर-लढाऊ सेवेचे द्योतक आहे. त्यामुळे परदेशातील लढाईच्या कौटुंबिक आठवणी पदकाशी ताडून पाहाव्या लागतात.

पलटणीच्या नावातून भरतीधोरणही प्रकट होते. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये विसर्जित झाली. १९४१ मध्ये बेळगाव व वऱ्हाडास जवळच्या कामठी येथे महार रेजिमेंटच्या बटालियन उभ्या राहिल्या. मधली वीस वर्षे पराक्रमाच्या अभावाची नसून नाकारलेल्या संधीची आहेत. पदक सैनिकाची सेवा सांगते. त्याचे गाव व त्याची उपेक्षा सांगत नाही. म्हणून निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व मौखिक साक्ष यांच्यासह त्याचे वाचन करणे आवश्यक ठरते.