रेडिएटरमधला चहा

तर झालं असं, की मागच्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बाबांच्या गाडीचा काटा लालच्या उंबरठ्यावर जाऊन बसला. गाडी २००२ सालची, छोटी हॅचबॅक. आरटीओतून दोनदा पाच-पाच वर्षांचं आयुष्य वाढवून आणलेली. बाबांनी अजिबात न घाबरता गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, अर्धा तास थांबले आणि डिकीतला पाण्याचा कॅन काढला. वर मला ऐकवलं, "घाटात गाडी पाणी पितेच. त्यात काय एवढं?"

पुण्यात परत आल्यावर गॅरेजवाल्याने रेडिएटरचं झाकण उघडून नुसतं आत बघितलं आणि निकाल दिला. "काका, हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागणार. १८-२० हजार धरून चला. त्यापेक्षा गाडी काढून टाका ना."

बाबा घरी येऊन गप्प बसले. आईने मला खुणेनेच विचारलं, गाडी जाणार का? मी म्हटलं शनिवारपर्यंत थांबा. आमच्या धंद्यात लॉग न वाचता कोणी 'सर्व्हर बदला' म्हणालं, तर आपण ऐकतो का?

शनिवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडलं. (मंडळी, हे थंड इंजिनवरच करायचं. गरम असताना उघडलं तर आतलं पाणी १०० अंशांच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे द्रवरूपात असतं. दाब सुटला की ते वाफ होऊन थेट तोंडावर येतं.) आत टपरीवरच्या उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं काहीतरी होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी चिखल.

आता, घाण कूलंट म्हणजे हेड गॅस्केट असं नसतं. घाणीचेही प्रकार असतात. गॅस्केट फुटून ऑइल पाण्यात आलं तर वर तेलाचा तवंग येतो किंवा पाणी दुधाळ होतं, कधी डिपस्टिकवर लोण्यासारखा फेस दिसतो. ज्वलनाचा वायू पाण्यात घुसत असेल तर इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहतात, थांबत नाहीत. आमच्याकडे तवंग नाही, डिपस्टिक स्वच्छ. थंड इंजिन झाकण काढून चालू केलं, तर सुरुवातीला चार बुडबुडे आले आणि मग शांत. एक थेंब दोन बोटांत चोळला तर बुळबुळीत नाही, खरखरीत लागला. म्हणजे गंज. मल्टीमीटरचं एक टोक कूलंटमधे बुडवलं आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. आकडा आला ०.५८ व्होल्ट. साधारण ०.३च्या वर गेलं की कूलंट बदला असा एक ठोकताळा आहे. तो काही प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, पण कूलंटची अक्षरशः बॅटरी झाली होती एवढं नक्की कळलं.

बॅटरी का व्हावी? याचं उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो. इतका, की दुपारचं जेवण गार झालं.

मोटारीने पाणी पिणं ही मोटारीइतकीच जुनी गोष्ट आहे. कार्ल बेंझच्या १८८६च्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ उडून जायची, उष्णता घेऊन जायची. बस्स. ऑगस्ट १८८८मधे त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधन तिने वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं हे सगळे सांगतात. पण त्याहून जास्त वेळा तिला थांबावं लागलं ते पाण्यासाठी. जिथे मिळेल तिथलं पाणी. थोडक्यात, बाबांचा कॅन हा थेट बेर्टाबाईंचा वारसा आहे :-)

ही तहान भागवली विल्हेल्म मायबाखने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. ६ मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० नळ्या एकत्र जोडलेल्या, मधून हवा आणि भोवतीच्या फटींतून पाणी. पाण्याची गरज निम्म्यावर, ९ लिटरवर आली. मूळ कल्पना आजही तीच आहे. पण अरुंद वाटा आल्या आणि त्याबरोबर त्या तुंबायची सोयही झाली.

पुढचा प्रश्न थंड देशांचा. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनचा बिडाचा ब्लॉक तडकतो. लोकांनी अल्कोहोल घालून पाहिलं (उडून जायचं), ग्लिसरीन घातलं. मग इथिलीन ग्लायकॉल आलं. ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वूर्ट्झने १८५०च्या दशकातच बनवलं होतं, पण त्याचं करायचं काय हे ठरायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. तेव्हा ते स्फोटकांसाठी लागलं. 'प्रेस्टोन' या नावाने ते अमेरिकेत मोटारींसाठी बाजारात आलं १९२७मधे.

मला आवडला तो मात्र विमानांचा अध्याय. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं. म्हणजे इंजिन जास्त गरम चालवता येतं, उष्णता पटकन बाहेर फेकली जाते, रेडिएटर लहान होतो आणि हवेचा विरोध कमी. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत म्हणूनच शुद्ध ग्लायकॉल असायचं. गंमत अशी, की ग्लायकॉल उष्णता वाहून न्यायला पाण्यापेक्षा कमकुवत, आणि वर ते पेट घेतं. मग पुढच्या मर्लिनमधे उलटं केलं. ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल आणि सगळं दाबाखाली. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. तुमच्या गाडीच्या रेडिएटरचं ते स्प्रिंगवालं झाकण हेच काम करतं. वातावरणाच्या वर जवळजवळ तेवढाच आणखी दाब ठेवला तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ते झाकण सैल झालं, तर घाटमाथ्यावर पाणी शंभराच्याही आत उकळणार. कारण तिथे हवेचा दाबच कमी.

इथपर्यंत वाचून मला वाटायला लागलं होतं, की आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, आपल्याला ग्लायकॉल कशाला? बाबांचंही म्हणणं तेच. आणि त्यांच्या काळापुरतं ते बरचसं बरोबरही होतं. बाबा गाडी शिकले त्यांच्या मामाच्या ॲम्बेसेडरवर. तिचा ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. पाण्याच्या वाटा ऐसपैस. गंज तिलाही चढायचा, पण भिंती इतक्या जाड की तिला तो परवडायचा. रेडिएटर तुंबला तर रेडिएटरवाला तो उसवून, सळई फिरवून, पुन्हा डाग देऊन द्यायचा. विहिरीचं पाणी काय आणि ओढ्याचं काय!

आमच्या गाडीत ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. दोन वेगळे धातू आणि मधे क्षारांचं पाणी. बारावीच्या प्रॅक्टिकलमधे यालाच सेल म्हणायचो ना? ॲल्युमिनियम झिजतं, वर बीड आपलं आपण गंजत राहतं. म्हणून बाटलीतल्या कूलंटमधलं खरं औषध ग्लायकॉल नसून त्यातली गंजरोधक द्रव्यं आहेत. ती हळूहळू खर्च होतात. शिवाय ग्लायकॉल स्वतः गरम होऊन होऊन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि आम्ल बनतं. म्हणजे जुनं कूलंट नुसतं निरुपयोगी होत नाही, पक्ष बदलतं.

यात बाबांचं पाणी. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर लिटरला ७०० मिलिग्रॅम दाखवतं. वीस वर्षांत एकूण ५० लिटर तरी ओतलं असेल. पाणी उडून गेलं, पण क्षार कुठे जाणार? ३५ ग्रॅम. कॅल्शियमचा क्षार तर असा उफराटा, की पाणी जितकं गरम तितका जास्त बाहेर पडतो, म्हणजे नेमका सर्वांत गरम भिंतीवर जाऊन बसतो. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच.

पण सगळा दोष बाबांवर टाकू नये, मोठमोठ्यांचं डोकं इथे आपटलंय. जनरल मोटर्सने १९९५पासून 'डेक्सकूल' नावाचं नारिंगी कूलंट आपल्या गाड्यांत भरायला सुरुवात केली. सिलिकेटऐवजी सेंद्रिय आम्लांचे क्षार. ते हळू खर्च होतात, म्हणून ५ वर्षं किंवा १ लाख मैल, पुढे तर दीड लाख मैल बघायला नको असा दावा. रसायन म्हणून ते वाईट नव्हतंच. पण 'बघायला नको' म्हटल्यावर लोकांनी खरंच बघितलं नाही. पातळी कमी झाली, आत हवा शिरली, आणि बिडाच्या ब्लॉकच्या काही इंजिनांत गंज आणि कूलंट मिळून तपकिरी चिखल झाला. काही मॉडेलांची गॅस्केटंही गेली. मालक कोर्टात गेले आणि २००८मधे भरपाईची तडजोड झाली. त्या चिखलाचे फोटो बघितले, तर आमच्या झाकणाखालचाच चिखल!

असो. रविवारी सफाई. रेडिएटरची खालची तोटी उघडून सगळं तसराळ्यात काढलं. थर्मोस्टॅट काढून ठेवला, कारण थंड इंजिनमधे तो बंद असतो आणि मग ब्लॉकमधून पाणी फिरतच नाही. हीटर 'गरम'वर ठेवला, नाहीतर त्याच्या छोट्या रेडिएटरमधली घाण तिथेच राहते. साधं पाणी भरायचं, इंजिन दहा मिनिटं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, काढायचं. तीनदा केलं तरी चहाचा रंग जाईना. मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, पातळ करून एकदाच फिरवलं. गंजावर ते उत्तम चालतं, पण ॲल्युमिनियमलाही सोडत नाही, म्हणून कमी घ्यायचं, आत मुक्कामाला ठेवायचं नाही आणि नंतर भरपूर धुवायचं. चौथ्या धुण्याला पाणी फिकट झालं.

तरीही इंजिन गरम करून बंद केल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला (पंख्याची वायर काढून, बोटं प्यारी असतील तर), तर खालचा उजवा कोपरा गार. तिथून पाणी फिरतच नव्हतं. तो रेडिएटर वाचणार नव्हता. सोमवारी संध्याकाळी नाना पेठेतून नवा आणला, झाकण आणि थर्मोस्टॅटसकट. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, मग निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड, आणि हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून इंजिन चालू. सगळं मिळून हेड खोलण्याच्या चौथ्या हिश्शात बसलं.

तसराळ्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. ते मी जिन्याखाली ठेवून वर चहा प्यायला गेलो होतो. आईने खिडकीतून बघितलं, सोसायटीचा कुत्रा तिथे हुंगत उभा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि किडन्या निकामी करतं. त्याच्या जवळच्या नातेवाइकाने, डायइथिलीन ग्लायकॉलने, १९८६मधे मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून १४ रुग्णांचा जीव घेतला होता. त्यावर लेंटिन आयोग बसला. मी तीन-तीन पायऱ्या एकदम उतरलो. कुत्र्याने तोंड लावलं नव्हतं. आता ते सगळं झाकणाच्या कॅनमधे बंद आहे, गटारात ओतलेलं नाही. जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला विचारलंय, तो घेतो म्हणाला तर बरं.

या शनिवारी पुन्हा खंबाटकी चढलो. बाहेर ३६ अंश, एसी चालू, पुढे ऊसाचा ट्रक. काटा अर्ध्याच्या खाली. बाबा सगळा घाट त्या काट्याकडेच बघत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "थांब जरा, पाणी बघून घेऊ." मी म्हटलं, "बाबा, आता झाकण उघडायचं नाही. बाजूच्या टाकीवर खूण आहे, ती नुसती बघा." त्यांनी वाकून बघितली. पातळी होती तिथेच होती, रंग हिरवा. हजार किलोमीटर झाले की पुन्हा मल्टीमीटर लावणार आहे, कारण ब्लॉकमधला उरलासुरला गंज अजून सुटत असणारच.