नाद आणि मौन : खुलताबादच्या टेकडीवरील एक जुना वाद

वैजापुरात पहाट होते ती अजानच्या स्वराने. ही हाक आमच्या कानांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे चौदा शतकांचे चिंतन उभे आहे हे सहसा ध्यानी येत नाही. इस्लामला संगीत वर्ज्य आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो; आणि उरुसाच्या रात्रींची कव्वालीही ऐकत आलो. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. वेरूळचा घाट चढला की खुलताबाद लागते. तेथील कबरींतच हा सारा वाद शेजारी शेजारी विसावला आहे.

मुळात इस्लाम हा श्रवणाचा धर्म आहे. 'कुराण' या शब्दाचे नातेच पठणाशी आहे. कोणते अक्षर मुखातील कोणत्या स्थानातून उमटावे, स्वर किती लांबवावा, कोठे थांबावे, याचे 'तजवीद' नावाचे शास्त्र आहे. मदिनेत पहिली अजान देण्याचा मान हबशी बिलाल यांना मिळाला. एके काळी गुलाम असलेल्या माणसाचा कंठ अवघ्या समाजाची हाक झाला. हे पठण आणि ही हाक कितीही सुरेल असली, तरी त्यांना कोणी 'गाणे' म्हणत नाही. त्यांविषयी वादही नाही. वाद सुरू होतो तो 'समा'पाशी, म्हणजे ईश्वरप्रेमाची गीते ऐकण्याच्या सूफी बैठकीपाशी.

दिल्लीचे चिश्ती संत निजामुद्दीन औलिया यांना समाच्या समर्थनार्थ सुलतान गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर उभे राहावे लागले होते. त्यांनी समाला मोकळे रान दिले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. गाणारा प्रौढ पुरुष असावा, गीत अश्लील नसावे, वाद्ये नसावीत आणि ऐकणाऱ्याचे चित्त ईश्वराने भरलेले असावे, अशा त्यांच्या अटी होत्या. आम्हांला यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. गीताची पवित्रता निम्मी गाणाऱ्याकडे, तर निम्मी ऐकणाऱ्याकडे सोपविलेली आहे.

१३२७च्या सुमारास महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी केली, तेव्हा औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दक्षिणेत आले. समात देहभान हरपून डोलण्याची त्यांची रीत एवढी वेगळी होती की, तिचे अनुयायी 'बुऱ्हाणी' म्हणून ओळखले गेले. या रीतीवर टीका करणाऱ्यांत जैनुद्दीन शिराझी हे विद्वानही होते. पुढे मात्र तेच बुऱ्हाणुद्दीनांचे शिष्य आणि उत्तराधिकारी झाले. गुरू १३३७मध्ये निवर्तले, शिष्य १३६९मध्ये. दोघांचे दर्गे खुलताबादेत समोरासमोर आहेत.

आणि याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात, १७०७मध्ये, औरंगजेबाची साधी, उघडी कबर आली. ज्याने १६६८च्या सुमारास दरबारातील गायन बंद केले, त्याने समात रमणाऱ्यांचा शेजार चिरविश्रांतीसाठी निवडावा, हे वरवर विपरीत दिसते. परंतु अलीकडच्या संशोधनाने या बंदीची मर्यादाही दाखविली आहे. बादशहाने स्वतः संगीत सोडले. सरदारांच्या वाड्यांतील मैफली थांबल्या नाहीत आणि संगीतावरचे फारसी ग्रंथही त्याच्या काळात लिहिले गेले.

हा वाद पुढे औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरातही दिसतो. दिल्लीच्या शाह कलीमुल्लांनी आपले शिष्य निजामुद्दीन यांना दक्षिणेत धाडले. त्यांनी या शहरात चिश्ती परंपरेला नवे बळ दिले. त्याच शहरात पाणचक्कीच्या तकियात बाबा शाह मुसाफिर राहिले. ते नक्शबंदी. त्यांच्या पंथाचा ईश्वरस्मरणाचा मार्ग मौनाचा : ओठ न हलविता, अंतःकरणातल्या अंतःकरणात नाम घ्यावयाचे. एकाच शहरात एक साधू स्वरातून ईश्वराकडे जात होता, दुसरा निःशब्दतेतून. दोघेही सूफी, दोघेही नमाजी.

यात पंडितांइतकाच सामान्य स्त्रियांचाही वाटा आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेतील 'चक्कीनामे' रचले गेले. दळताना बायकांनी ते म्हणावेत आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर ईश्वराचे नाव मुखी रुळावे, हा त्यांचा हेतू. आमच्या मराठवाड्यातील जात्यावरच्या ओवीशी त्यांचे नाते सांगावयास हवे काय?

तेव्हा इस्लामला संगीत वर्ज्य आहे की प्रिय, हा प्रश्नच अपुरा आहे. या परंपरेने त्याहून अवघड प्रश्न विचारला : ऐकताना तुझे मन कोठे असते? या प्रश्नावर माणसे शतकानुशतके भांडली, आणि अखेर एकाच टेकडीवर शेजारी शेजारी निजली. उद्या पहाटे वैजापुरात अजान कानी येईल, तेव्हा तो प्रश्न आम्हांलाही विचारलेला असेल.